आधी भोक, मग डोकं: मानपत्राच्या लाकडी फलकावर पारदर्शक ॲक्रिलिक बसवताना

एका सांस्कृतिक संस्थेची मानपत्रं दरवर्षी लाकडी फलकावर बसवून दिली जातात. सागाची २० मिमी जाड फळी, तिच्यावर छापील मानपत्र, त्यावर ३ मिमीचं पारदर्शक ॲक्रिलिक आणि चार कोपऱ्यांत चार पितळी स्क्रू. हे काम आधी दुसऱ्या एका कार्यशाळेनं केलं होतं. पुढच्या समारंभापर्यंत त्यातल्या बऱ्याच फलकांचे कोपरे तडकले आणि सत्कारमूर्तींकडून ते परत येऊ लागले. संस्थेच्या कार्यवाह ताई ते फलक घेऊन आल्या, तेव्हा त्यांची मागणी सोपी वाटत होती. "स्क्रू बदलून द्या. या वेळी डोकी छान सोनेरी, नक्षीची असू द्या. आणि लपवू नका हं, ती दिसायला हवीत."

मागणी रास्त होती. वरचं आवरण पारदर्शक असलं की जोडणी लपवायला जागाच उरत नाही. गोंद दिसतो, दुहेरी टेप दिसते, टेपखाली अडकलेली हवासुद्धा दिसते. त्यापेक्षा जोडणी उघड मिरवावी आणि ती देखणी असावी, हा विचार मला नेहमीच पटतो. पण डोक्यांचे नमुने पुढ्यात मांडण्याआधी तडे कशामुळे गेले ते समजायला हवं होतं. ते कळलं नसतं, तर नवी नक्षीदार डोकीही वर्षभरात तुटक्या कोपऱ्यांवरच चमकली असती.

परत आलेले फलक

नीट पाहिल्यावर दोन वेगळी दुखणी दिसली. पहिलं म्हणजे सरळसोट तडा: भोकापासून निघून जवळच्या काठाकडे गेलेला. दुसरं म्हणजे भोकाभोवती पसरलेलं केसाहून बारीक भेगांचं जाळं. ते समोरून नीट दिसत नाही. फलक उजेडात तिरका धरला की एकदम चमकतं.

तड्यांचं मूळ स्क्रूच्या डोक्यात होतं. वापरलेले स्क्रू सीएसके, म्हणजे खालून निमुळत्या डोक्याचे होते. लाकडात ते फार छान बसतात, कारण लाकूड थोडं दबून त्यांना जागा देतं. ॲक्रिलिक तसं दबत नाही. निमुळतं डोकं आत ओढलं जातं तसं ते ओंडक्यात ठोकलेल्या पाचरीप्रमाणे भोकाची कड चहूबाजूंनी बाहेर रेटतं. हा ताण पहिल्या दिवशी दिसत नाही. तो तिथेच साठून राहतो आणि पुढे थोडंसं निमित्त झालं की तडा जातो.

निमित्त लाकडानं दिलं. अजून न तडकलेल्या एका फलकाचे एका लांब काठाचे दोन स्क्रू मी काढले. ॲक्रिलिकचं भोक आणि खालच्या फळीतलं भोक एकमेकांवर नव्हतीच. फळी दमट हवेत रुंदीला फुगली होती. तिच्यासोबत स्क्रूही बाहेरच्या बाजूला सरकायला बघत होते आणि भोक व काठ यांमधली अरुंद पट्टी त्यांना एकटी अडवून होती. भोक स्क्रूच्या मापाचंच, ४ मिमीचं पाडलेलं, त्यामुळे स्क्रूला हलायला तसूभर वाव नव्हता.

बारीक भेगांच्या जाळ्याची गोष्ट निराळी. ताईंना विचारलं तेव्हा कळलं की समारंभाच्या सकाळी सगळे फलक काचा पुसायच्या द्रवानं चकचकीत केले होते. अशा द्रवांत बहुधा अल्कोहोल किंवा अमोनिया असतो. ताण नसलेल्या ॲक्रिलिकला एखाद्या वेळी त्यानं फारसं काही होत नाही, पण जिथे आधीच ओढ आहे तिथे असं द्रव पोहोचलं की पृष्ठभाग बारीक बारीक फाटतो. म्हणून जाळं फक्त भोकांभोवती होतं आणि मधला सगळा भाग स्वच्छ. पुसणाऱ्यानं मन लावून पुसलं होतं, पण तो ताण तिथे असायलाच नको होता.

किती जागा सोडायची

इथे थोडं गणित करावं लागतं. या प्रकरणाचा गाभाच त्यात आहे, म्हणून ते पूर्ण मांडतो.

नव्या फलकाची मापं अशी ठरली: फळी ३२० × २४० मिमी, ॲक्रिलिक २७० × १९० मिमी, भोकांचे मध्य काठापासून १५ मिमी आत. म्हणजे भोकांमधलं अंतर लांबीला २४० आणि रुंदीला १६० मिमी. लाकडाचे रेषे लांबीच्या दिशेनं.

लाकूड रेषांच्या दिशेनं जवळजवळ वाढतही नाही, घटतही नाही. सगळी हालचाल आडवी. सागाची फळी वार्षिक वलयांना स्पर्श करत कापलेली असेल, तर लाकडातला ओलावा १ टक्क्यानं बदलला की रुंदी साधारण ०.१९ टक्क्यानं बदलते. सागाचं हे माप इतर बऱ्याच लाकडांपेक्षा कमीच आहे. दमट आणि कोरड्या हंगामांत ओलाव्याचा फरक ४ टक्के धरला, तर १६० मिमी अंतरात सुमारे १.२ मिमीची हालचाल होते.

ॲक्रिलिक ओलाव्यानंही थोडं बदलतं, पण त्याची खरी ओढ उष्णतेशी. दर अंश सेल्सिअसला १ मीटर लांबीमागे ते सुमारे ०.०७ मिमी वाढतं. तापमान २५ अंशांनी वाढलं तर १६० मिमीला जवळपास ०.३ मिमी आणि २४० मिमीला ०.४ मिमी. आकडे लहान दिसतात. पण कोरड्या कडक उन्हाळ्यात लाकूड आकसत असतं आणि त्याच वेळी ॲक्रिलिक वाढत असतं. दोघं एकमेकांच्या उलट दिशेला जातात, म्हणून दोन्ही आकड्यांची बेरीज करायची. दमट दिवसांत जुळवलेला फलक अशा उन्हाळ्यात गेला तर रुंदीच्या दिशेनं एकूण दीड मिमीचा फरक पडू शकतो, आणि तो दोन बाजूंच्या स्क्रूंत वाटला तर प्रत्येकाला पाऊण मिमी.

म्हणून ४ मिमी स्क्रूसाठी ॲक्रिलिकला ६ मिमीचं भोक. चहूबाजूंनी १ मिमी मोकळी जागा: पाऊण मिमी हवामानासाठी, उरलेली भोक पाडताना हात इकडेतिकडे गेला त्यासाठी.

आता डोकं किती मोठं हवं ते आपोआप ठरतं. स्क्रू भोकाच्या एका कडेला टेकला, तर भोकाची समोरची कड स्क्रूच्या मध्यापासून ३ अधिक १, म्हणजे ४ मिमीवर येते. डोकं ८ मिमी व्यासाचं असेल तर त्याची त्रिज्या तेवढीच, ४ मिमी. अशा वेळी भोकाची कड उघडी पडेल आणि त्या बाजूला डोकं ॲक्रिलिकवर टेकणारच नाही. १० मिमीच्या डोक्याला जेमतेम १ मिमीची टेकण मिळते. १४ मिमीच्या डोक्याला ३ मिमी मिळते, आणि ती पुरेशी आहे. ताईंच्या मनात भरलेले नाजूक ८ मिमीचे नमुने इथेच बाद झाले. त्यांना मी कागदावर भोक आणि डोकं खऱ्या मापात काढून दाखवलं. एका नजरेत त्यांना पटलं.

या सगळ्यात वजनाचा प्रश्न जवळपास येतच नाही. ॲक्रिलिकची घनता १.१९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, म्हणजे हा तुकडा १८५ ग्रॅमच्या आतलाच. चार बारीक स्क्रूंना ते ओझं म्हणजे काहीच नाही. घट्ट आवळल्यानं फलक मजबूत होतो ही समजूत या कामात फार नुकसान करते. आवळून इथे काहीच मिळत नाही, उलट सोडलेली मोकळी जागा वाया जाते, कारण दाबून धरलेलं ॲक्रिलिक सरकू शकत नाही.

कोणती डोकी पाहिली, कोणती सोडली

पहिली पसंती होती गादीकामातल्या घुमटाकार पितळी खिळ्यांना. सागावर ते फार शोभतात यात शंका नाही. पण ते ठोकावे लागतात, आणि भोकाच्या कडेजवळ हातोडीचा एक तिरका घाव पुरतो. शिवाय खिळा नेमका किती टेकला पाहिजे यावर ताबा राहत नाही, आणि मानपत्र कधी काढायचं झालं तर खिळा उपसताना लाकूडही खरवडून निघतं. बाद.

मग फुलाच्या आकाराची, पत्र्यातून दाबून काढलेली डोकी. त्यांचा दोष उलटं करून पाहिल्यावर कळतो. ती आतून पोकळ असतात, त्यामुळे फक्त बाहेरच्या धारेवर टेकतात आणि सगळा दाब त्या बारीक रेषेवर येतो. पोकळीत बसेल असा मऊ वॉशर घातला तर ती वापरता येतात. पण आणलेल्या नमुन्यांत एक आणखी अडचण निघाली: चुंबक लावून पाहिला तर तो चिकटला. वर पितळेचा मुलामा, आत लोखंड. सागासारख्या लाकडात ओलावा आणि लोखंड एकत्र आले की लाकडातल्या द्रव्यांशी क्रिया होऊन काळे डाग पडतात, आणि पारदर्शक आवरणाखाली तो डाग आयुष्यभर दिसत राहतो. पितळी म्हणून आलेल्या प्रत्येक नमुन्याला चुंबक लावून बघा. अस्सल पितळेला तो चिकटत नाही.

मिरर स्क्रू, म्हणजे आधी स्क्रू बसवायचा आणि मग त्याच्या डोक्यावर चकचकीत टोपी फिरवायची, हा प्रकार मला आवडतो. पण त्याचा आतला स्क्रू बहुतेक वेळा तोच सीएसके. जुन्या फलकांचा रोग टोपीखाली झाकून पुन्हा आणायचा नव्हता.

राहिले साइनेजचे, म्हणजे नामफलकांचे, स्टड, ज्यांना स्पेसरही म्हणतात. लाकडाला एक नळकांडं, त्यावर ॲक्रिलिक, वरून सपाट बुडाची टोपी. बांधणी उत्तम, कारण टोपी सपाट टेकते आणि तिचा व्यास मोठा असतो. मात्र नळकांड्याच्या उंचीमुळे लाकूड आणि ॲक्रिलिक यांच्यात १२ ते २५ मिमीचं अंतर राहतं. मजकूर ॲक्रिलिकवरच कोरलेला किंवा छापलेला असेल तर ते अंतर सुंदर दिसतं, अक्षरांची सावली लाकडावर पडते. खाली कागद असेल तर तेच अंतर घातक. कागद मोकळा लोंबतो आणि चारही बाजूंनी धूळ शिरते.

तोडगा या स्टडमध्येच मिळाला. नळकांडं सोडून द्यायचं आणि फक्त टोपी वापरायची. भरीव पितळेची, १४ मिमी व्यासाची, वरून किंचित घुमटाकार, खालून सपाट, कडेला एक कोरलेली रेघ. फुलाची नक्षी नाही, पण ती बारीक रेघ सागाच्या रंगावर अशी उठून दिसते की ताईंनी नक्षीचा हट्ट आपणहून सोडला. टोपीखालच्या एम ४, म्हणजे ४ मिमी व्यासाच्या, स्क्रूचा पहिला ५ मिमी भाग गुळगुळीत ठेवून घेतला, म्हणजे ॲक्रिलिकच्या पातळीवर आट्यांची धार येत नाही.

बसवताना

पितळी स्क्रू थेट सागात न घालता फळीत एम ४ चे पितळी इन्सर्ट, म्हणजे आतून आटे असलेल्या छोट्या नळ्या, बसवले. पितळ मऊ असतं. सागासारख्या घट्ट लाकडात बारीक पितळी स्क्रू फिरवताना त्याची मान तुटते, आणि दोनचार वेळा काढघाल झाली की लाकडातले आटे झिजतात. इन्सर्टमुळे दोन्ही प्रश्न मिटतात. तो पृष्ठभागाच्या किंचित खाली जाईल इतका फिरवावा. पृष्ठभागाशी अगदी समतल बसवायला गेलं की भोवतीचे रेषे उचलले जातात आणि ॲक्रिलिक तिथे टेंगळावर बसतं.

फळीवर खुणा करताना ॲक्रिलिक जागेवर धरून, त्याच्या ६ मिमी भोकातून, मध्ये टोक असलेला लाकडाचा ६ मिमीचा बिट हातानं टेकवला. टोकाचा ठसा बरोबर मध्यावर उमटतो. मोकळी जागा चहूबाजूंनी सारखी राहिली तरच वरच्या हिशोबाला अर्थ आहे.

ॲक्रिलिक कास्ट प्रकारचं, म्हणजे साच्यात ओतून केलेलं, घेतलं. एक्स्ट्रुडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेलं, स्वस्त पडतं, पण ताण आणि द्रावकं यांच्यापुढे ते लवकर हार मानतं. लेझरनं पाडलेलं भोक दिसायला आरशासारखं असतं, पण उष्णतेमुळे कडेत ताण अडकून बसतो. असा तुकडा ८० अंशांच्या आसपास तापवून हळूहळू निववला तर तो ताण उतरतो. ती सोय नसेल तर ड्रिल बरं, मात्र धातूचा नेहमीचा बिट नको. त्याचं टोक ११८ अंशांचं आणि धार ओढून खाणारी असते. पलीकडे निघता निघता तो प्लॅस्टिकला हिसका देतो आणि कडेचा टवका उडतो. प्लॅस्टिकसाठी घासलेला, ६० ते ९० अंशांच्या टोकाचा बिट, खाली लाकडाचा आधार, वरचा संरक्षक कागद तसाच चिकटलेला, आणि हात सावकाश. मग भोकाच्या दोन्ही कडांवरची धार अलगद मोडायची, कारण तडा नेहमी एखाद्या ओरखड्यापासून सुरू होतो.

कागदाचा प्रश्न आधीच्या फलकांत कुणाच्या लक्षात आला नव्हता. मानपत्र ॲक्रिलिकला थेट चिकटून असलं की दमट दिवसांत ते ठिकठिकाणी ओलसर डागासारखं दिसतं, आणि टोनरची छपाई तर चिकटून बसते. म्हणून कागदाभोवती दीड मिमी जाडीची माउंट बोर्डाची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची, चौकट घातली. पण ही चौकट स्क्रूंपर्यंत पोहोचत नव्हती. तसंच आवळलं असतं तर कोपरे खाली वाकून मधला भाग फुगला असता. तेव्हा प्रत्येक स्क्रूभोवती, ॲक्रिलिकखाली, चौकट आणि कागद यांच्या एकूण जाडीचा नायलॉनचा वॉशर ठेवला. वर, टोपीखाली, अर्धा मिमी जाडीचा सिलिकॉनचा. मऊ पीव्हीसीचे वॉशर सहज मिळतात, पण ते मुद्दाम टाळले. त्यांना मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि ॲक्रिलिकला तडकवू शकतं.

स्क्रू सैल पडू नयेत म्हणून आट्यांना लॉकिंगचं द्रव लावायची सवय यंत्रांवर काम करणाऱ्यांना असते. ॲक्रिलिकजवळ ते द्रव आणूच नये, त्याचा एक ओघळ कड फोडायला पुरे होतो. टोप्या बोटांनी टेकेपर्यंत फिरवायच्या आणि तिथेच थांबायचं. एम ४ च्या आट्यांत एक फेरा म्हणजे ०.७ मिमी. टेकल्यावर पाव फेरा दिला तरी पावणेदोन दशांश मिमीची दाबणी झाली, आणि सिलिकॉनला तेवढी भरपूर आहे. फळीचं पॉलिश पूर्ण वाळून त्याचा वास जाईपर्यंत ॲक्रिलिक चढवलं नाही, कारण बंद जागेत अडकलेली द्रावकाची वाफ कागदाला आणि ॲक्रिलिकला दोघांनाही नको असते.

देणगीदारांचा मोठा फलक

त्याच संस्थेचा एक ६०० × ४५० मिमीचा फलकही होता, ज्यात नावं ॲक्रिलिकच्या मागच्या अंगाला छापायची होती. तिथे कागद नाही, म्हणून पूर्ण स्टडच योग्य. ॲक्रिलिक ५ मिमी घेतलं, वजन १.६ किलो. इथे मात्र अखंड सागाची फळी नको म्हणून मी आग्रह धरला. भोकांमधलं आडवं अंतर ३९० मिमी, त्यात वरच्याच हिशोबानं एकटं लाकूड ३ मिमीच्या आसपास हललं असतं. ६ मिमी बोल्टला १० मिमीचं भोक आणि त्यावर १९ मिमीची टोपी करून ते सांभाळता आलं असतं, पण अगदी काठावर. सागाचं व्हेनिअर, म्हणजे पातळ पापुद्रा, लावलेला प्लाय वापरला. तो फारसा हलत नाही, त्यामुळे ८ मिमीचं भोक पुरलं आणि १९ मिमीच्या टोपीला ऐसपैस टेकण मिळाली. दिसायला फरक शून्य.

एक दमट आणि एक कोरडा हंगाम गेल्यावर काही मानपत्रं तपासायला मागवली. एकाही भोकाला तडा नव्हता, जाळंही नव्हतं. एका फलकाच्या दोन टोप्या काढल्या तर स्क्रू भोकाच्या मध्यापासून स्पष्ट सरकलेले दिसले, म्हणजे सोडलेली जागा वापरली जात होती. काही टोप्या मात्र सैल झाल्या होत्या. हात लागला की फिरत होत्या. आट्यांवर टेफ्लॉन टेपचा एक वेढा दिला, तेवढ्या घर्षणानं त्या जागी राहिल्या. एका घरी कुणीतरी सैल टोपी पकडीनं आवळली होती. पितळेवर दात उमटले होते आणि तो कोपरा खाली दबला होता. ती टोपी बदलली, आणि तेव्हापासून प्रत्येक फलकाच्या मागे एक चिठ्ठी चिकटवतो: टोप्या फक्त बोटांनी फिरवा, पुसायला मऊ कापड आणि साबणाचं सौम्य पाणी, पितळ उजळायचं असेल तर टोपी काढून, फलकापासून दूर.